म्हणणे कोणाचे ऐकावे?

न्यायालयात वीस वर्षे घालविलेल्या माणसाला बोलण्याचे कौतुक फारसे उरत नाही. ऐकण्याचे मात्र उत्तरोत्तर वाढत जाते. बोलणारे आम्ही वकील उदंड आहोत. पण उन्हाळ्यातल्या दुपारी चार वाजता, पंखा बंद पडलेला असताना, दोन्ही बाजूंचे तेच ते मुद्दे तिसऱ्यांदा ऐकूनही ज्याची लेखणी थांबत नाही असा एखादा न्यायाधीश पाहिला म्हणजे मनात येते की, या दालनातले सर्वांत जड काम हाच करीत आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निकाल देऊ नये, हा न्यायाचा फार जुना नियम आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षी तो आम्ही पाठ केला, पुढे शेकडो अर्जांत लिहिला, आणि गेल्या ऑगस्टात अथालच्या एका लहानशा सभेत तो आमच्याच हातून मोडला. वाचकांपुढे आज ठेवावयाचे आहे ते या मोडण्याविषयीच.

अथाल हे गाव दमणगंगेच्या काठी, सिल्वासा–नरोली रस्त्यावर आहे. खेडे म्हणावे तर आजूबाजूला कारखान्यांच्या भिंती दिसतात, आणि शहर म्हणावे तर त्याच भिंतींच्या पलीकडे भाताची खाचरे आणि वारल्यांचे पाडे लागतात. नोकरीधंद्याच्या निमित्ताने येऊन येथे राहिलेल्या काही मराठी कुटुंबांनी काही वर्षांपूर्वी एक परिपाठ घालून घेतला. वर्षातून चार-पाच व्याख्याने व्हावीत, दिवाळीच्या सुमारास एखादी गाण्याची बैठक व्हावी, आणि मुलांच्या कानांवर चार शब्द बरे पडावेत, एवढाच त्यामागचा हेतू. आमच्या मंडळाला सभागृह नाही. एका इमारतीच्या तळमजल्यावरची, एरवी वाहने उभी करण्याची जागा त्या दिवशी झाडून घेतात; भाड्याच्या खुर्च्या येतात, ध्वनिक्षेपक येतो, टेबलावर चादर आणि तीवर समई येते. ज्याने अशी सभा एकदा तरी उभी केली आहे त्याला ठाऊक असेल की, वक्ता वेळेवर येणे, वीज टिकणे आणि पहिल्या दोन रांगा भरणे या तीन चिंतांपुढे व्याख्यानाच्या विषयाची चिंता कोणालाच नसते.

ऑगस्टातले व्याख्यान मुक्तिदिनाच्या आठवड्यात येते, म्हणून ते यंदा आमच्याकडे सोपविण्यात आले. विषय आमच्या आवडीचा होता. १९५४ च्या जुलैत दादरा आणि नरोली, व २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटले. त्या लढ्यात मराठी माणसांचा वाटा मोठा. सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकार स्वतः त्यात उतरला होता, आणि पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम करून त्या कार्यासाठी निधी उभारण्यात आला होता. पुढे पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या प्रदेशात जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने अडविला, अशी त्याची तक्रार होती. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली, आणि त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून भारताच्या वतीने महमद करीम छागला बसले. निकाल लागला तो १२ एप्रिल १९६० रोजी. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ साली होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यापुरता तो नव्हता, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

मराठी श्रोत्याचे मन फुलून यावे असा भाग यात आणखी एक आहे. पोर्तुगिजांचा मूळ आधार होता तो पेशव्यांशी १७७९ साली झालेला तह. बारा हजार रुपये वार्षिक वसुलाची गावे त्यांना मिळावयाची होती, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती लावून देण्यात आली. आता गावे दिली म्हणजे राज्य दिले, की राज्य राखून केवळ वसूल दिला? हा वाद अखेर तहाच्या मराठी मजकुरावर येऊन ठेपला. हे दान सरंजामाच्या, जहागिरीच्या जातीचे, म्हणजे वसुलापुरते होते, असे न्यायालयाने मानले. पोर्तुगालची सत्ता या गावांवर रुजली ती पुढे इंग्रजांच्या अमदानीत, वहिवाटीने आणि संमतीने. पेशवाईतल्या कोणा कारकुनाच्या बोरूतून उतरलेला मजकूर सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी हेगच्या दालनात तोलला गेला, हे आम्ही पुष्कळ रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या. आमचे भाषण आम्हांलाच आवडू लागले होते, हे येथे कबूल केलेले बरे.

बाहेर पाऊस कोसळत होता. त्यामुळे रस्त्यावरची दहा-पंधरा माणसे आडोशाला म्हणून आमच्या खुर्च्यांच्या मागे, खांबांशी उभी राहिली होती. भाषण संपले आणि अध्यक्षांनी नेहमीच्या रीतीने, कोणाला काही विचारावयाचे आहे काय, असे विचारले. हे विचारताना अध्यक्षांची नजर घड्याळाकडे असते, हाही रीतीचाच भाग. तेवढ्यात मागच्या खांबाजवळून एका वृद्ध गृहस्थाने हात वर केला. वय ऐंशीच्या घरातले, खांद्यावर टॉवेल, काखेत मिटलेली छत्री. ते आपल्या वारली बोलीत बोलले. पण ती बोली मराठी कानाला इतकी जवळची आहे की, न समजल्याची सबब आम्हांला सांगता येणार नाही. त्यांनी विचारले होते ते एवढेच : त्या कोर्टात आमच्यातला कोणी उभा होता का?

पुढच्या रांगेतले कोणीसे हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. लहान मुलाच्या प्रश्नाला आपण हसतो तसे ते होते. आम्ही ध्वनिक्षेपकाजवळ वाकून म्हणालो, "प्रश्न चांगला आहे. पण वेळ फार झाला आहे, आपण मागाहून बोलू." आभार मानले गेले, राष्ट्रगीत झाले, चहा आला. चहाचा पेला हाती घेऊन आम्ही मागे वळलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि खांबाजवळ कोणी नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांला अर्धे मिनिट पुरले असते. नव्हता, कारण त्या न्यायालयाच्या संविधीच्या ३४ व्या कलमान्वये तेथे पक्षकार म्हणून केवळ राष्ट्रांनाच उभे राहता येते. उत्तर आम्हांला ठाऊक होते. मग आम्ही ते दिले का नाही? वेळ झाल्याचे कारण खोटे होते, कारण पुढे आभारप्रदर्शनालाच दहा मिनिटे लागली. रात्री अंथरुणावर पडल्यावर खरे कारण ध्यानात आले. ते उत्तर दिले असते तर आमचे सारे भाषण एका वेगळ्या उजेडात दिसले असते. १७७९ साली बारा हजारांचा वसूल मोजला गेला. तो ज्यांच्या कष्टांतून निघावयाचा होता त्यांना कोणी विचारले नाही. हेगमध्ये सरंजामाचा अर्थ लावण्यात दोन्हीकडच्या नामांकित विधिज्ञांनी बुद्धी खर्च केली. ज्या गावांचा तो सरंजाम, त्या गावांतला साक्षीदार कोणाला आठवला नाही. आणि अथालला, त्याच गावांपैकी एका गावात, आम्ही हा सारा इतिहास पाऊण तास सांगितला. आणि ज्याच्या घरचा तो इतिहास, त्याने तोंड उघडताच वेळ संपली. पेशवे, पोर्तुगीज आणि न्यायालय यांना निदान आपापल्या काळाची सबब होती. आमच्याजवळ घड्याळाखेरीज दुसरी सबब नव्हती.

त्या रात्रीपासून आम्ही त्या जुन्या नियमाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहोत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकावे, असे म्हणताना ही दुसरी बाजू म्हणजे नेमकी कोण? न्यायालयाने याचे उत्तर स्वच्छ दिलेले आहे. निकालाचा परिणाम ज्याच्यावर व्हावयाचा त्याला म्हणणे मांडण्याचा हक्क असतो. तो शिकलेला आहे काय, त्याला बोलता येते काय, त्याचे बोलणे ऐकण्यास गोड आहे काय, यांपैकी काहीही न्यायाधीश विचारीत नाही. ज्याचे घर पाडावयाचे आहे तो अडखळत बोलला, तरी त्याला ऐकल्याशिवाय घर पाडता येत नाही. आमच्या सार्वजनिक सभांनी मात्र हा नियम उलटा फिरविला आहे. जो चांगला बोलतो त्याला तेथे व्यासपीठ मिळते. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो खुर्चीत असतो, खांबाआड असतो, किंवा बहुधा नसतोच. शेतकऱ्याच्या दैन्यावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोलतात, विधवांच्या स्थितीवर पुरुष बोलतात, आदिवासींच्या संस्कृतीवर आम्हांसारखे वकील बोलतात. या सर्वांचे हेतू चांगले असतात. तरीही काहीतरी चुकते, आणि ते काय, याचा शोध घेतला पाहिजे.

मराठी मुलखातला या संस्थेचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न तिच्या जन्मापासूनच तिच्यासोबत असल्याचे दिसते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. रानडे न्यायखात्यातले, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले. एका न्यायाधीशाने व्याख्यानमाला काढावी हा आम्हांला योगायोग वाटत नाही. दिवसभर दोन्ही बाजू ऐकणाऱ्या त्या माणसाला संध्याकाळी वाटले असेल की, ही सवय एकट्या न्यायालयाला असून भागणार नाही, ती शहराला लागली पाहिजे. त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांची व्याख्याने झाली आणि अखेरीस त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी प्रत्युत्तर म्हणून गाढवाची मिरवणूक काढली आणि चिखलफेक केली. रानडे त्या मिरवणुकीत होते, आणि जोतीराव फुले आपल्या सत्यशोधक सहकाऱ्यांसह तिच्या पाठीशी उभे राहिले. ऐकण्याची सवय शहराला लावू पाहणाऱ्यांच्या वाट्याला पहिल्याच वर्षी काय आले, ते यावरून दिसते.

पण याच कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. दहा वर्षांनी, १८८५ साली, पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती, आणि रानडे यांच्याकडून जोतीरावांना तिचे निमंत्रण गेले. जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या दुःखाची झळ तुम्हांला कधी लागली नाही त्यांच्या मनातले तुमच्या ग्रंथांत आणि सभांत कसे उतरणार, असा त्या पत्राचा आशय आहे. संकटाच्या वेळी रानड्यांच्या बाजूने उभा राहिलेला हा माणूस. त्याला रानड्यांशी वैर धरावयाचे नव्हते. आम्हांला वाटते, जोतीरावांचा आक्षेप सभेच्या रचनेवर होता. सभा तुमची, विषय तुमचा, भाषा तुमची. निमंत्रण तेवढे आम्हांला. अशा सभेत हजेरी लागली तरी म्हणणे लागत नाही. अथालच्या त्या वृद्धांनी जोतीरावांचे पत्र वाचले असण्याचा संभव नाही. पण त्यांचा प्रश्न त्याच पत्रातला होता.

१८९० साली पुण्यातच आणखी एक प्रकरण झाले. पंचहौद मिशनच्या पाद्र्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी बोलाविले. रानडे, टिळक आणि इतर बरेच जण गेले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी हात लावून ठेवून दिली. गोपाळराव जोशी यांनी पाहुण्यांची यादी छापून आणली, आणि शहरात वादळ उठले. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. या प्रकरणात सर्वांनी चहावर चर्चा केली. आमचे लक्ष मात्र व्याख्यानाकडे जाते. पाद्र्याच्या घरी जाऊन त्याचे भाषण ऐकले, याबद्दल कोणाही सनातन्याने फारशी हरकत घेतली नाही. कानाने घेतलेले बाटत नाही, तोंडाने घेतलेले बाटते, असा जणू संकेतच होता. म्हणजे समाजाला श्रवणाची भीती वाटत नव्हती. ऐकलेले पोटात जाईल, याची भीती वाटत होती. आमच्या आजच्या सभांनाही हा संकेत लागू आहे. आम्ही पुष्कळ ऐकतो, आणि त्यातले काही घशाखाली उतरणार नाही याची काळजी घेतो. मग चहा निर्धास्तपणे पितो.

श्रवणाची किंमत द्यावी लागली म्हणजे ते कसे बदलते, हे पाहावयाचे तर गोमंतकात गेले पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत सभा आणि छापील शब्द या दोहोंवर सरकारी परवानगीचा पहारा होता. १८ जून १९४६ रोजी मडगावला भर पावसात लोक जमले ते डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्यासाठी. लोहियांना भाषण पुरे करू न देता पकडण्यात आले. म्हणजे ज्या सभेने गोमंतकाचा इतिहास फिरविला तिच्यात व्याख्यान असे झालेच नाही. सभा केली ती श्रोत्यांनी. तेथे नुसते उभे राहणे हेच त्यांचे म्हणणे होते. येथे वक्त्याला बोलता आले नाही आणि श्रोते बोलून गेले. आमच्या सभांत वक्ता यथेच्छ बोलतो आणि श्रोता तसाच घरी परततो. ज्याच्यावर राज्य चालत होते तोच मडगावला मैदानात उभा होता, एवढाच या दोहोंतला फरक, आणि सारा फरक तोच.

आता आमच्या वकील मित्रांनी या म्हणण्यावर घेतलेले आक्षेपही नोंदविले पाहिजेत. नाहीतर हाही लेख एकतर्फी निकाल ठरेल. पहिला आक्षेप असा की, सभा म्हणजे न्यायालय नव्हे. तेथे निकाल लागत नाही, कोणाचे घर पडत नाही. मग बाधित पक्षकार शोधण्याची उठाठेव कशाला? याला आमचे उत्तर असे की, सभेतही निकाल लागतो, फक्त तो सावकाश लागतो आणि त्यावर कोणाची सही नसते. अमुक लोक आळशी, तमुक लोक भोळे, ही वस्ती हलविणे प्रगतीसाठी आवश्यक, ती भाषा म्हणजे केवळ बोली, ही मते आकाशातून पडत नाहीत. शंभर संध्याकाळी शंभर व्याख्यानांतून ती थेंबथेंब साचतात, आणि एके दिवशी कचेरीतला अधिकारी ती सहज सत्य मानून हुकूम लिहितो. न्यायालयाच्या निकालावर निदान अपील तरी असते.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. ज्याला सोसावे लागले त्याला ज्ञान असतेच असे नाही. अभ्यासकाने कागद पाहिलेले असतात, चार बाजू तपासलेल्या असतात. सोसणाऱ्याने आपला एक कोपरा पाहिलेला असतो. हे खरे आहे, आणि हेगच्या खटल्याविषयी त्या वृद्धांपेक्षा आम्हांला अधिक ठाऊक आहे यात संशय नाही. पण पुराव्याचा कायदा येथे उपयोगी पडतो. तो तज्ज्ञाचे मत घेतो; तरी घटना काय घडली हे विचारावयाचे झाले तर ज्याने ती डोळ्यांनी पाहिली त्यालाच पिंजऱ्यात बोलावितो. ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य नाही. या कसोटीवर पाहता १९५४ च्या या खोऱ्याविषयीचे आमचे व्याख्यान आरंभापासून अखेरपर्यंत ऐकीव पुरावा होते, आणि त्या जागेत बसलेला एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार आम्ही तपासल्याशिवाय परत पाठविला. त्यांचे सांगणे खरेच निघाले असते असे आमचे म्हणणे नाही. साक्षीदार चुकतो, विसरतो, वाढवूनही सांगतो. ऐकून घेणे म्हणजे मान डोलाविणे नव्हे. पण तपासावयाचे तरी आधी ऐकावे लागते.

तिसरा आक्षेप असा की, मग प्रत्येकालाच ऐकत बसावे काय? द्वेष पेरणाऱ्यालाही व्यासपीठ द्यावे काय? आमच्या मते हा नियम नीट समजून घेतला तर हा पेच आपोआप सुटतो. ऐकले जाण्याचा पहिला हक्क ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचा आहे. द्वेषाचा वक्ता बोलतो तो नेहमी गैरहजर माणसाविषयी. तो गैरहजर असतो म्हणूनच तो वक्ता बोलू शकतो. अशा वक्त्यापुढे त्या गैरहजर माणसाला आणून बसवा, आणि नंतर बोला म्हणा. बहुतेकांची भाषणे तेथेच आटोपतील. ज्याचे आटोपणार नाही त्याला उत्तर देणारा तरी समोर असेल.

या नियमाला श्रोत्याकडूनही काही हवे असते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. एवढा वक्ता, आणि तो मागतो काय, तर अवधान! आम्ही ज्याला ऐकणे म्हणतो ते बहुधा पुढचे वाक्य मनात जुळविणे असते. आपल्या परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा पायऱ्या सांगितल्या. आम्ही पहिल्या पायरीवर खुर्च्या मांडल्या आणि तेथेच वर्धापनदिन साजरा करू लागलो. ऐकल्यावर आपले काही हलले पाहिजे, निदान हलण्याची तयारी असली पाहिजे. ज्या न्यायाधीशाचा निकाल सुनावणीपूर्वीच लिहून तयार आहे त्याने दोन्ही बाजू महिनाभर ऐकल्या तरी सुनावणी झाली असे कोणी म्हणणार नाही.

हे सर्व विचार मनात घोळत असता आठवडाभराने आम्ही त्या वृद्धांचा शोध घेतला. अथालसारख्या ठिकाणी तो अवघड नव्हता. पाड्यावर गेलो तेव्हा ते अंगणात बसून छत्रीची मोडलेली काडी तारेने बांधीत होते. आम्ही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले : त्या कोर्टात तुमच्यातला कोणी नव्हता. त्यांनी मान हलविली आणि म्हणाले, "मग ठीक आहे, वकीलसाहेब. मला वाटलं, कोणी असेल, आणि तुम्ही त्याचं नाव विसरलात."

या वाक्यावर आम्ही वाद घालू शकलो नाही. त्यांनी न मागता आम्हांला अधिक चांगली सबब दिली होती, आणि खरी गोष्ट त्याहून वाईट होती. मग ते आपल्या वडिलांविषयी बोलले. वडील कसीत ती जमीन, तिचा कागद दुसऱ्याच्या नावाने असलेला अलवारा, साहेब आला की सोडावे लागणारे स्वतःचे काम. अलवारा आणि तेरम या पोर्तुगीज काळच्या जमीनधारणेच्या पद्धती. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने त्या मोडीत काढल्या. हे शब्द आमच्या कचेरीतल्या जुन्या दप्तरांत आम्ही कितीदा तरी वाचले होते. अंगणात बसलेल्या माणसाच्या तोंडून ते प्रथमच ऐकले. हेगला तोलला गेलेला सरंजाम हा मराठी शब्द आम्ही अभिमानाने सांगितला होता. तो ज्यांच्या अंगावरून गेला त्यांच्याजवळ त्याला निराळे शब्द आहेत, आणि तेही आमच्या भाषेचे सख्खे शेजारी आहेत. या नियतकालिकात मराठी आणि कोंकणी शेजारी बसतात. एके काळी एकमेकींचे म्हणणे ऐकून घेणे या दोन बहिणींनाही जड गेले होते, हे जुन्या वाचकांना सांगावयास नको. वारली बोलणारा माणूस अजून त्यांच्या दाराशी, खांबाजवळ उभा आहे.

पुढल्या सभेला बोलण्याची विनंती आम्ही त्यांना केली. मंडळात थोडी कुरबुर झाली. विषय काय छापावा, परिचय कोणी करून द्यावा, शाल द्यावी की न द्यावी, असे प्रश्न निघाले. अखेर विषय छापला नाही, परिचयही झाला नाही. ते आले, पण टेबलामागच्या खुर्चीवर बसेनात. खालीच, रांगांच्या पुढ्यात एक खुर्ची ओढून बसले आणि बोलू लागले. त्यांचा आवाज लहान. कार्यक्रमाला अजून आरंभ झालेला नाही, अशा समजुतीने ध्वनिक्षेपकवाल्याने यंत्र सुरूच केले नव्हते, आणि ते कोणाच्या चटकन ध्यानातही आले नाही. मागच्या रांगांतल्यांना ऐकू येईना. तेव्हा एकेक करून लोकांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि पुढे आणून त्यांच्या भोवती मांडल्या. आम्हीही आमची उचलली.